निघण्याची तयारी

एप्रिल उलटला की माळव्यातल्या देपालपूरच्या काळ्या रानाला भेगा पडतात. गहू निघून गेलेला असतो, धसकटे पायाला टोचतात, आणि मधूनमधून जमीन अशी फाटलेली असते की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. तिच्यावरची घरेही वर्षभर थोडीथोडी हलत असतात. पावसाळ्यात मागचे दार चौकटीत गच्च बसते, मे महिन्यात तेच दार वाऱ्याने उघडते. भिंतीला तडा गेला तर कोणी बघायलाही थांबत नाही. दिवाळीच्या आधी लिंपून घ्यायचा, विषय संपला.

माझे माहेर घोडेगावचे, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले. आजोळ त्याहून वर, भीमाशंकरच्या रांगांकडे तोंड करून बसलेले. तिथे पावसाळ्यात तडा दिसला की मोठी माणसे घराला वळसा घालून मागच्या उतारावर जात आणि तो कुठून आला हे शोधत. आजी सकाळी झऱ्यावर गेली की हंडा बुडवण्याआधी पाण्याचा रंग बघायची. नितळ झरा एकाएकी गढूळ झाला, किंवा ऐन पावसात आटला, तर डोंगराच्या पोटात काहीतरी सरकले आहे असे ती मानायची. वरच्या बाजूचे झाड किंवा विजेचा खांब कलला आहे का, बांध मधेच खचला आहे का, उंबऱ्यापाशी जमीन फुगली आहे का, हे सगळे ती येताजाता बघत असे. कोणी शिकवले म्हणून नव्हे. सासूला बघताना बघितले म्हणून. पुढे भूवैज्ञानिकांनी दरडीच्या पूर्वखुणा म्हणून लिहिलेल्या याद्या मी वाचल्या तेव्हा त्यात आजीच्या बहुतेक खुणा होत्या.

लग्न होऊन मी माळव्यात आले तेव्हा हे डोळे बरोबर आले. आल्याआल्या पहिल्याच उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीत तडा बघून मी घाबरले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही काळी माती आहे. हिला सवय आहे." त्यांचे खरे होते. इथे उतार नाही, डोक्यावर डोंगर नाही. पण तेव्हापासून एक विचार मनात घर करून आहे. जिथे जन्म काढला तिथली माती माणसाला कशाला घाबरायचे हे शिकवते, आणि तितक्याच पक्केपणी कशाकडे दुर्लक्ष करायचे हेही शिकवते. संकट नेहमीच्या वाटेने आले तर हे शिक्षण जीव वाचवते. ते दुसऱ्या वाटेने आले तर हेच शिक्षण माणसाला जागेवर बसवून ठेवते.

30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण डोंगराखाली गेले. माझ्या माहेरच्या तालुक्यातलेच गाव. कितीतरी दिवस पाऊस लागून राहिला होता. गावात नेहमीप्रमाणे गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव दिसेना, आणि बाहेरच्या जगाला बातमी त्याच्याकडून कळली. दीडशेवर माणसे गेली. आईचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हते, ती नुसती गावातल्या घरांची नावे घेत होती. पुढे कारणांची चर्चा झाली तेव्हा अतिवृष्टीबरोबर पडकईचेही नाव आले. पडकई म्हणजे उतारावर टप्पे पाडून भातखाचरे करणे. आदिवासी कुटुंबांना चार पोती भात मिळावे म्हणून ही योजना होती, आणि हेतू चांगलाच होता. पण सपाट केलेल्या टप्प्यावर पाणी थांबते, थांबलेले पाणी मुरते आणि मुरलेले पाणी उताराला जड करते. पोट भरायला जमीन सपाट करायची तर खालच्या घराचे काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. मला त्या शेतकऱ्यांना दोष देता येत नाही. भूक रोज येते, दरड शंभर वर्षांत एकदा.

माळीणनंतर प्रत्येक जुलै अंगावर येऊ लागला. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळिये गेले, ऐंशीच्या वर माणसे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या ठाकरवाडीला रस्ता नव्हता. बचावाला गेलेली माणसे अंधारात, पावसात, चिखलाच्या पायवाटेने चढून गेली, यंत्रे वर नेता आली नाहीत, मग फावड्या-कुदळींनीच माती उपसली. आणि 2024 साली पुन्हा 30 जुलै हीच तारीख, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, केरळात वायनाडच्या मुंडक्कै-चूरलमला भागात मध्यरात्रीनंतर डोंगर खाली आला आणि शेकडो माणसे गेली.

या वेळा मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवून बघते. माळीण सकाळी, चुली पेटायच्या वेळेला. तळिये दुपारनंतर, सगळे जागे असताना. इर्शाळवाडी रात्री, अंथरुणे पडल्यावर. म्हणजे दिवसा सावध राहा, रात्री काळजी घ्या, यातला कोणताच सल्ला पुरत नाही. इर्शाळवाडीची आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. मी याद्यांच्या विरोधात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डोंगर उतारांचे नकाशे केले आहेत, ते गावोगाव पोचायला हवेत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला हवेत. पण यादीत नाव नसलेल्या वाडीचे कोण? तिथे आजीच्या डोळ्यांशिवाय काही नसते. आणि आजीच्या डोळ्यांना दिसले, तरी पुढे काय करायचे हा प्रश्न उरतोच. मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते याच्याविषयी.

देपालपूर तसे जुने गाव. होळकरांच्या काळात इथे वर्दळ होती, अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव 1745 साली इथेच जन्मला. इंदूरपासून चाळीसेक किलोमीटर, सपाट पठार, एक मोठा तलाव, भोवती सोयाबीन आणि गहू. इथल्या घरात आल्यावर मला पहिल्यांदा कळले की घराची तयारी म्हणून काही असते आणि ती केवढी जय्यत असते. सासूबाई होळीनंतर गव्हाला एरंडेल चोळायला बसायच्या. परात, मोठा गंज, चार बायका, मधे गव्हाची रास. तेल लागलेला दाणा हातातून सरकताना वेगळा लागतो, जिवंत वाटतो. मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी भरायची, तोंड लिंपून टाकायचे. तूरडाळ, हरभरा, मिरची, लसूण, वर्षाच्या पापडांचे डबे, गोवऱ्यांचा उडवा, पाण्याचे हौद. पाऊस चार महिने घरातून बाहेर पडू न देता कोसळला, तरी या घराला काही कमी पडले नसते.

यामागे एक जुनी धास्ती आहे. माळव्याची माती श्रीमंत, पावलागणिक पाणी, अशी तिची ख्याती. तरी संवत 1956 चा छप्पनिया दुष्काळ, म्हणजे इसवी 1899-1900 चा, इथल्या घरांनी पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवला. मारवाडातून माणसे गुरे घेऊन माळव्याच्या आशेने आली आणि माळवाच कोरडा निघाला. त्या आठवणीने ही कोठी बांधली. हिचा सगळा रोख एकाच दिशेला आहे: काही झाले तरी घर सोडायची वेळ येऊ नये. थांबण्याची तयारी इतकी पूर्ण असलेले घर मी दुसरीकडे पाहिले नाही, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण मी डोंगराकडून आलेली. माझ्या आजीचे घर दोन खोल्यांचे होते, कणगी एक, आणि तिचे गाठोडे आषाढभर खुंटीला तयार असायचे. त्यात काय आहे हे आम्हा पोरांना माहीत नव्हते. ती गेल्यावर उघडले: एक लुगडे, चांदीचे चार दागिने, काडेपेटी मेणकापडात गुंडाळलेली, आणि सात-बाराचा उतारा. तिची तयारी निघण्याची होती.

या दोन तयाऱ्या एकमेकींच्या आड येतात, हे मला 2022 च्या ऑगस्टमध्ये नीट कळले.

आमच्या पठाराच्या दक्षिणेला विंध्याची कड आहे. जानापावच्या डोंगरावरून चंबळ निघते आणि उत्तरेला आमच्या बाजूने वाहते. त्याच कडेच्या पलीकडे नद्या खाली निमाडात उतरून नर्मदेला मिळतात. त्यातली एक कारम. धार जिल्ह्यात तिच्यावर मातीचे धरण बांधले जात होते, तीनशे कोटींच्या वर खर्चाचे, अजून पुरे न झालेले. राखीपौर्णिमेच्या सुमारास, पावसाने ते भरत असताना, भिंतीतून पाणी पाझरू लागले आणि माती सुटू लागली. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली अठरा गावे रिकामी करायला सांगितले गेले. सैन्य आले, हेलिकॉप्टरे तयार ठेवली गेली, आग्रा-मुंबई रस्त्यावरची वाहतूक अडवली. पोकलेन लावून धरणाच्या बाजूने चर खणला, की पाणी भिंत फोडून एकदम न येता वाट काढून जावे. 14 ऑगस्टच्या संध्याकाळी त्या चराने आपली वाट स्वतःच रुंद केली, भिंतीचा मोठा भाग धुऊन नेला आणि पाणी खाली गेले. गावे रिकामी होती. एकही माणूस गेला नाही.

आमच्या घरात टी.व्ही. दोन दिवस बंद झाला नाही. सासऱ्यांनी पानशेतचे धरण फुटल्याची आठवण काढली. 12 जुलै 1961, तेही मातीचे, तेही बांधकाम पुरे न झालेले. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भिंत काही तास तगवली, म्हणून पाणी पुण्यात रात्री न येता दिवसा आले, नाहीतर झोपेतले शहर गेले असते. आणि मला तिवरे आठवत होते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खालची भेंदवाडी वाहून गेली. तिवऱ्याला निघायला वेळच मिळाला नाही. कारमच्या माणसांना मिळाला. आणि वेळ मिळाल्यावर काय होते ते आम्ही बघत होतो.

माणसे निघत होती, पण अर्धी. बायका-पोरे ट्रॉलीत, पुरुष मागे. मुख्यमंत्री पुन्हा पुन्हा विनवत होते की शिबिरातून गावात परत जाऊ नका. का जात होती माणसे परत? शहरातल्या माणसाला हे अडाणीपण वाटते, आणि त्याचा मला राग येतो. ज्याच्या घरात कपाटभर कपडे आणि बँकेत पैसे आहेत त्याला दार ओढून निघता येते. ज्याचे सगळे वर्ष कोठीत आहे, ज्याची म्हैस दावणीला आहे आणि संध्याकाळी पान्हावणार आहे, ज्याच्या बियाण्याची पोती आढ्याखाली आहेत, त्याला निघणे म्हणजे आपली सगळी तयारी आपल्या हाताने सोडून देणे. ज्या घराने थांबण्याची सगळ्यात उत्तम सोय केली आहे, त्याच घराला निघणे सगळ्यात महाग पडते. आमचे घर त्या अठरा गावांत असते तर आम्ही काय केले असते? मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितले. त्या टी.व्ही.कडे बघत म्हणाल्या, "मी नसते गेले गं." आणि त्या खोटे कधी बोलत नाहीत.

म्हणून सरकारी पत्रकांतली ती यादी मला अपुरी वाटते: विजेरी, प्रथमोपचार पेटी, सुका खाऊ, पाण्याची बाटली. हे सगळे हवेच. पण माणूस विजेरी नाही म्हणून मागे राहत नाही. तो म्हशीसाठी राहतो, बिछान्याला खिळलेल्या आजोबांसाठी राहतो, घरात नसलेल्या मुलाची वाट बघत राहतो. घराची तयारी करायची तर या तीन गोष्टींपासून करायला हवी. निघणे स्वस्त करायला हवे.

म्हशीचे आधी सांगते, कारण त्यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्याकडे जनावरे लोखंडी साखळीला बांधतात. साखळीची कडी पावसात गंजते, आणि घाबरलेल्या जनावराने ताण दिलेली कडी अंधारात माणसाच्या बोटांना सुटत नाही. आता आषाढ ते भाद्रपद आम्ही सोलाचा दोर वापरतो, आणि गाठ मारतो ती सुरगाठ, एका हिसड्यात सुटणारी. एक धारदार विळा गोठ्याच्या खांबाला, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, टांगलेला असतो. सोडलेले जनावर आपले आपण उंचावर जाते, बांधलेले बुडते. जनावरे सोडून द्यायला पुरुषमाणसांना जड जात होते, "सुटली तर कुठे शोधायची?" हा त्यांचा प्रश्न. पण जिवंत म्हैस शोधता येते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवला की ती आपली आहे हे सांगताही येते.

आमच्या पठारावर दरड यायची नाही, हे खरे. मग ही एवढी काळजी कशाला, असे दिरांनी एकदा विचारले. पण संकटे इथेही आहेत, फक्त डोंगर नसल्याने ती डोळ्यांत भरत नाहीत. यशवंत सागरचे सायफन उघडले की गंभीर नदीकाठच्या गावांना इशारा जातो. गावचा कोटवार मुनादी करतो, म्हणजे दवंडी पिटतो, हल्ली मोबाइलवर संदेशही येतो. एरवी जिच्यातून बकऱ्या चालत जातात ती नदी तासाभरात रपट्यावरून वाहते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी मोटारसायकल त्या पाण्यात घालतेच. घोट्याइतके वाटणारे वाहते पाणी गुडघ्याला आले की उभा माणूस पाडते. आमच्या दारावरून साधी ओढ्यासारखी जाणारी चंबळ 2019 च्या सप्टेंबरात गांधीसागरपाशी केवढी झाली होती! धरणाचा फुगवटा मागे चढला आणि नीमच जिल्ह्यातल्या रामपुऱ्याच्या घरांत शिरला. तिथल्या माणसांनी आयुष्यभर धरणाकडे शेजारी म्हणून बघितले होते.

आणि वीज. तिच्याविषयी मी जरा जास्तच बोलते असे घरात म्हणतात, पण मला थांबवत नाही. देशात वीज पडून सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश वरच्या क्रमांकावर आहे. सोयाबीन निंदायला गेलेल्या बाया पाऊस आला की बाभळीखाली जमतात, आणि एका झाडाखालच्या चौघी-पाचजणी एकदम पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे, जवळपास वीज पडण्याचा इशारा ते आधी देते. पण निंदणाऱ्या बाईचा फोन घरी मुलाकडे असतो. तिच्यासाठी उपाय एकच: गडगडाट ऐकू आला की काम टाकून पक्क्या छताखाली जायचे, आणि त्या दिवसाची मजुरी कापायची नाही हे मालकाने आधी कबूल करायचे. आमच्या शेतावर आम्ही ते कबूल केले आहे. वीज पडलेल्या माणसाला शेणात गाडून ठेवले की वीज उतरते, ही समजूत अजून गेलेली नाही. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते, त्याला हात लावता येतो. हृदय थांबले असेल तर छाती दाबायला ताबडतोब सुरुवात करायची असते आणि 108 ला फोन करायचा असतो. शेणात ठेवलेली ती पंधरा-वीस मिनिटे त्याचा जीव घेतात.

कागदांचे काम सोपे आहे, तरी ते कोणी करत नाही. मध्य प्रदेशात आपत्तीची मदत मिळते ती राजस्व पुस्तक परिपत्रक सहा-चार खाली. आमच्याकडचा शेतकरी 'छह-चार' एवढेच म्हणतो. घरातला माणूस गेला तर चार लाख, पिकाचे, गुरांचे, घराचे वेगळे दर. पटवारी पंचनामा करतो, आणि मग पावती, म्हणजे ऋणपुस्तिका, आधार, समग्र आयडी, बँकेचे पासबुक मागतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माळव्यापासून मराठवाड्यापर्यंत गारपीट झाली, उभा गहू झोडपून निघाला, तेव्हा लोकांना नुकसानीइतकेच कागदांनी रडवले. पुरात ज्याची पावती वाहून जाते त्याला आपले शेत आपले आहे इथपासून सुरुवात करावी लागते. आम्ही सगळ्याच्या प्रती काढून एक जोड इंदूरला नणंदेकडे ठेवला आहे, एक मुलाच्या फोनमध्ये, आणि मूळ कागद मेणकापडाच्या पिशवीत. पिशवीत सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची जुनी जोडी, शिट्टी, मेणबत्ती, फुटाणे, गूळ आणि शेव. शेव माझ्या पुतण्याने घातली. माळव्यातला मुलगा तो, शेवेवाचून घर सोडणार नाही.

अवघड होते ते शेवटचे: माणसांचे. जपानच्या ईशान्येला सानरिकू नावाचा किनारा आहे, तिथे त्सुनामी पिढ्यान् पिढ्या येतात. तिथली जुनी शिकवण अशी की लाट आली की प्रत्येकाने जिथे असेल तिथून थेट उंचावर पळायचे, कोणी कोणाला शोधायला मागे फिरायचे नाही. ऐकताना हे निष्ठुर वाटते. पण त्यामागे घराघराने शांतपणे बसून केलेला करार आहे: तू मला शोधणार नाहीस कारण तुला माहीत आहे की मी आधीच निघालो आहे. 11 मार्च 2011 ला कामाईशी शहरातली शाळकरी मुले अशीच निघाली, मोठ्यांनी धाकट्यांचा हात धरून, आणि जवळजवळ सगळी वाचली. मुलांना ठाऊक होते की आई घरी वाट बघत बसलेली नाही.

मी हे घरी सांगितले तेव्हा जेवणे अर्ध्यावर थांबली. आपल्याकडे आई मुलाला शोधायला मागे फिरणार नाही, हे वाक्य बोलणेच अवघड. तळियेच्या, माळीणच्या आयांनी वेळ मिळाला असता तर काय केले असते हे मला विचारायची गरज नाही. मी आई आहे. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू दिसत नाही आणि मी वर चढत जाऊ?" पुतण्या बारा वर्षांचा. तो म्हणाला, "पण आजी, मी वर असेन ना. तू खाली शोधत बसलीस तर मग मला खाली यावे लागेल." त्याला हा हिशेब लगेच कळला. मोठ्यांना कळायला रात्र गेली.

ठरले ते असे. पाणी चढले किंवा मुनादी झाली तर जो जिथे असेल त्याने तलावाच्या पाळीकडे न जाता बाजाराच्या बाजूच्या उंच शाळेत पोचायचे. घरी यायचे नाही. शेतात असलेल्याने शेतातूनच. सासऱ्यांना उचलायचे काम धाकट्या दिराचे आणि शेजारच्या पटेलांच्या मुलाचे, खुर्चीसकट; त्यातला कोणी नसेल तर माझे आणि जाऊबाईंचे. ते आम्ही एकदा करूनही बघितले, आणि खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकते हे कळले. तेव्हापासून सासरे पावसाळ्यात खालच्या खोलीत झोपतात. शेजारच्या गल्लीत, नाल्याच्या अगदी काठाला, एक म्हातारी एकटी राहते, तिची सून-मुले पीथमपूरच्या कारखान्यात. तिला विचारले तर ती हात उडवून म्हणाली, "कई करां, बेटी, हमको कौन लेवा आवेगो?" तिचे नाव आमच्या यादीत घातले आहे, सासऱ्यांच्या खाली.

कोठी अजून भरली जाते. तिला कोणी हात लावू देणार नाही आणि लावायचीही नाही. दुष्काळाची धास्ती खोटी नव्हती. फक्त बियाण्याची पोती यंदापासून वरच्या माळ्यावर गेली आहेत, ज्यायोगे परत आल्यावर पेरायला काहीतरी असेल. सासूबाईंनी स्वतःहून कोठीची किल्ली मेणकापडाच्या पिशवीत टाकली. मी म्हटले, किल्ली कशाला, पाणी आले तर कुलूप काय राखणार? त्या म्हणाल्या, "राखायला नाही गं. किल्ली पिशवीत असली म्हणजे ती घ्यायला मी परत फिरणार नाही."

राहिला प्रश्न सासूबाईंच्या कराराचा. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मृगाच्या आधी पुन्हा विचारायचे ठरले आहे, आणि या वेळी विचारणार आहे पुतण्या.